धुण्याची जागा नकाशातच हवी

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावांत आज नवं घर बांधायचं म्हटलं की नकाशात हॉल येतो, किचन येतं, देवघर येतं, मोटारसायकलचीही सोय होते. धुणं मात्र कुठेच नसतं. घरभरणी झाली की हौदाजवळ एक दगड टाकला जातो आणि साबणाचं पाणी रस्त्याला लागतं. हा दोष घरमालकाचा नाही. नकाशा काढणाऱ्या आपल्या इंजिनिअर-कंत्राटदार मंडळींचा आहे.

या भागात पहिला विचार पाण्याचा. मांजरा धरण याच तालुक्यात धनेगावला आहे. ते कोरडं पडलं तेव्हा, 2016 साली, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आपल्या मानकांत माणशी रोजचं 135 लिटर पाणी धरलं आहे आणि त्यातलं 20 लिटर धुण्याचं. जलजीवन मिशनचा हिशेब मात्र एकूण 55 लिटरचाच आहे. म्हणून धुण्याची जागा संडासाच्या भिंतीला लागून घ्यावी. शेवटी कपडे खंगाळलेलं पाणी तिथे बादलीनं सहज नेता येतं. मशीन आज नसली तरी नळाची तोटी, अर्थिंगसह 16 अँपिअरचा प्लग आणि सांडपाण्याचा पाइप आधीच काढून ठेवा. टँकरच्या दिवसांत सेमी-ऑटोमॅटिकच कामाला येते, कारण तिच्यात हातानं पाणी ओतता येतं आणि तेच पाणी दोनदा वापरता येतं.

दुसरी गोष्ट मातीची, आणि तिच्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होतं. काळी माती पाणी प्यायली की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. रोजचं धुण्याचं पाणी जोत्याशी मुरलं की भिंतीला तडे जातात, आणि दोष मात्र सिमेंटवर ढकलला जातो. फरशीला फुटामागे पाव इंच ढाळ द्या, नाहणी ट्रॅप बसवा आणि शोषखड्डा पायापासून लांब, मुरूम लागेपर्यंत खोल घ्या. काळ्या मातीतच थांबलेला खड्डा लवकर तुंबतो. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं घरोघरी शोषखड्डे करून गटारमुक्त गाव करून दाखवलं आहे. तो नमुना आपल्यापासून फार दूरचा नाही.

वाळवणाचं काय? ओल्या कपड्यांची बादली गच्चीवर चढवणं साठीतल्या बाईच्या गुडघ्यांना झेपत नाही. परसातच छपराखाली पावसाळ्यासाठी एक दांडी आणि उघड्यावर दुसरी, एवढी जागा सोडा. बायकांचे आतले कपडे आणि पाळीचे कापड आजही साडीखाली झाकून, दमट वाळवले जातात. त्यांना कडक ऊन हवं. दक्षिणेला किंवा पश्चिमेला पुरुषभर उंचीची जाळीची भिंत घातली की ऊन-वारा मिळतो आणि आडोसाही राहतो. बसून धुणं जमत नसेल तिच्यासाठी दगडाशेजारी अडीच फुटी ओटा बांधा.

पुढचा नकाशा घरमालकापुढे ठेवण्याआधी त्या घरात धुणं कोण धुणार ते विचारा, आणि दगड, दांडी व सांडपाण्याची वाट तिच्यासमोर बसून आखा.