बिनपगारी, पण फुल अधिकारी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी जगातील कोट्यवधी संगणक एका रात्रीत वृद्ध ठरले. आदल्या दिवशी ते जसे चालत होते तसेच दुसऱ्या दिवशीही चालत होते. त्यांच्या एकाही तारेत बिघाड झाला नव्हता. घडले ते एवढेच, की मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१५ साली बाजारात आणलेल्या ‘विंडोज १०’ या प्रणालीला सर्वसाधारण सुरक्षा-दुरुस्त्या पुरविण्याचे काम त्या दिवशी थांबविले. पुढे जायचे असेल त्याने ‘विंडोज ११’ घ्यावी, आणि ती घ्यायची तर यंत्रात ठरावीक सुरक्षा-चिप व साधारणपणे २०१८ नंतरचा प्रोसेसर असावा, असा दंडक. म्हणजे प्रणाली फुकट मिळाली तरी यंत्र नवे घेणे आले! याच कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने २०१५ साली जाहीर व्यासपीठावरून ही विंडोजची अखेरची आवृत्ती असल्याचे सांगितले होते, हे आता कुणाला आठवतही नाही.

मक्तेदार भांडवल आपलाच माल मुदतीआधी जुना ठरविते, यात नवल ते काय? या लेखाचा रोख त्याच्यावर नाही. तो आहे आपल्यासारख्यांवर.

संगणक अडला की सामान्य माणूस कोणाकडे जातो? कंपनीच्या पगारी माणसापर्यंत त्याची हाक क्वचितच पोहोचते. तो जातो हौशी जाणकारांकडे. हे लोक रात्री जागून, पदरमोड करून परक्यांच्या शंकांचे निरसन करतात; त्यांच्यातच काही जण कोणता प्रश्न घ्यावा, कोणता बंद करावा, कोणाला ताकीद द्यावी, याची व्यवस्था पाहतात. श्रमाचे असे निरपेक्ष दान आजच्या जगात दुर्मीळ आहे. पण जुन्या प्रणालीचा प्रश्न आला की या सज्जनांचा चेहरा पालटतो. ‘तुमची आवृत्ती कालबाह्य आहे, नवी घ्या’, एवढे बजावून प्रश्नाला कुलूप लावले जाते. विचारणारा शाळेचा कारकून आहे की दवाखान्यातील परिचारिका, त्याच्या हाती खरेदीचा अधिकार आहे की नाही, हे विचारण्याची तसदी कोणी घेत नाही. कंपनीने बंद केलेल्या दारावर हे लोक स्वखुशीने पहारा देतात. बिनपगारी, पण फुल अधिकारी!

ही जातकुळी जुनीच आहे. अमेरिकेतील ‘अमेरिका ऑनलाइन’ या कंपनीने १९९० च्या दशकात हजारो स्वयंसेवकांवर आपल्या चर्चा-दालनांची व्यवस्था सोपविली. त्यांना पाळ्या होत्या, कामाचे अहवाल भरावे लागत, आणि मोबदला म्हणून सेवेच्या वर्गणीत सूट मिळे. १९९९ साली त्यांच्यातील काहींनी न्यायालयात दावा लावला, की आम्ही करतो ते कामगाराचेच काम आहे, किमान वेतनाचा कायदा आम्हालाही लागू करा. दावा दहा वर्षांहून अधिक रेंगाळला आणि २०१० साली दीड कोटी डॉलरवर तडजोड झाली. कामगार चळवळीच्या इतिहासात या लढ्याला जागा मिळाली नाही. मिळायला हवी होती.

यावर आपले जाणकार साथी सुरक्षिततेचा मुद्दा काढतात. मुद्दा खोटा नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या उपद्रवी प्रोग्रामने ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेला वेठीस धरले. रुग्णांच्या हजारो भेटी रद्द झाल्या. पण त्या प्रकरणाचा पूर्ण वृत्तान्त पाहावा. ज्या छिद्रातून तो शिरला ते अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला ठाऊक होते, आणि त्याने ते आपल्या उपयोगासाठी झाकून ठेवले होते. ‘विंडोज एक्सपी’ची राखण ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली होती; तरीही तिच्यासाठीची दुरुस्ती कंपनीजवळ तयार होती. ती मिळत होती जादा पैसे मोजणाऱ्यांना. सर्वांसाठी ती खुली झाली हल्ला झाल्यावर! आणि बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य तर एक्सपीची नव्हतीच. ती होती ‘विंडोज ७’ची, जिची राखण तेव्हा चालू होती. दुरुस्ती दोन महिने उपलब्ध असूनही ती यंत्रांवर बसली नव्हती. तेव्हा ‘जुने ते घातक, नवे ते निर्धोक’ हे सूत्र विक्रेत्याला सोयीचे असले तरी अपुरे आहे.

‘विंडोज १०’च्या बाबतीत तोच खेळ उघडपणे मांडला गेला. व्यक्तीला आणखी एक वर्षाच्या दुरुस्त्या हव्या असतील तर तीस डॉलर, नाही तर आपल्या यंत्राची मांडणी कंपनीच्या साठवणीशी जोडून द्यावी. संस्थांना तीन वर्षांपर्यंत मुदत, पण दर यंत्रामागे पहिल्या वर्षी एकसष्ट डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील व्यक्तींपुरत्या या अटी सैल करण्यात आल्या. दुरुस्ती तयार होतेच आहे. प्रश्न आहे तो तिच्या वाटपाचा. रेशनचा माल गोदामात असताना ‘संपला’ म्हणून फळी लावणारा दुकानदार आपल्या परिचयाचा आहे.

आता आपल्या अंगणात या. मराठी छापखान्यांतून ‘पेजमेकर’ अजून हद्दपार झालेला नाही. त्याची अखेरची मोठी आवृत्ती २००१ सालची. युनिकोड देवनागरी त्याला कळत नाही. म्हणून जुन्या संकेतांचे फॉन्ट, ते चालावेत म्हणून जुनी विंडोज, आणि ती चालावी म्हणून जुने यंत्र. त्या यंत्रात वीस-पंचवीस वर्षांची मासिके, स्मरणिका, पाठ्यपुस्तके पडून आहेत. अशा जुळाऱ्याला ‘नवे घ्या’ म्हणणे म्हणजे काय? त्याच कंपनीचे नवे साधन २०१३ पासून वर्गणीवर गेले आहे. विकत घेऊन मालक होण्याची सोय उरली नाही. आणि वर्गणी भरली तरी जुना मजकूर नव्या संकेतात उतरविताना जोडाक्षरे मोडतात, रफार भलतीकडे जातो, मुद्रितशोधन पुन्हा पहिल्यापासून. त्याला खरी मदत वेगळीच लागते. यंत्र इंटरनेटपासून तोडून ठेवा, फाइलींच्या दोन प्रती दोन जागी ठेवा, पेनड्राइव्ह दुसऱ्या यंत्रावर तपासल्याशिवाय लावू नका, नवा मजकूर युनिकोडमध्येच घ्या आणि जुना हळूहळू उतरवा. हे सांगायला अर्धा तास लागतो. कुलूप लावायला अर्धे मिनिट पुरते.

मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रचारकांनाही येथे एक शब्द. केरळच्या सरकारी शाळांनी मुक्त प्रणाली स्वीकारून दाखविली आणि जुनी यंत्रेही कामात ठेवली, हे खरे. पण तेथे शिक्षकांचे प्रशिक्षण होते, दुरुस्तीची यंत्रणा होती, शासनाचा निर्णय होता. प्रिंटर चालत नाही म्हणून आलेल्या माणसाला लिनक्सवर प्रवचन देणे हीदेखील एक प्रकारची हाकलपट्टीच.

मदतनीस-मंडळांनी आपले नियम बदलावेत. जुनेपणामुळे कोणताही प्रश्न बंद होणार नाही. धोका स्पष्ट सांगितला जाईल, पण उपहास करणाऱ्याला ताकीद मिळेल. आणि अशा प्रत्येक प्रश्नाची नोंद ठेवली जाईल, कोणते यंत्र, कोणते काम, का अडले. या नोंदी कंपनीजवळ असतील, पण त्या ती आपल्यासमोर मांडणार नाही. आपल्याजवळ त्या असल्या तर सरकारी खरेदीच्या निविदेत काय मागायचे ते ठरविता येईल: दुरुस्त्या किती वर्षे देणार ते विक्रीच्या वेळीच लिहून द्या, आणि सोडून द्याल त्या दिवशी मूळ संहिता खुली करा. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या कायद्याने सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी साधारणतः किमान पाच वर्षांचे बंधन घातले असून त्याची प्रमुख कलमे डिसेंबर २०२७ पासून लागू व्हायची आहेत. पाच वर्षे! आपल्याकडील शाळेत संगणक खोक्यातून बाहेर निघून विजेची जोडणी मिळेपर्यंत त्यातली दोन संपतात. आपली मागणी पंधरा वर्षांची असली पाहिजे.