कल्चर आधी, मग औषध! कल्चर निगेटिव्ह, तर औषध बंद!

मातापित्यांनो, डॉक्टर मित्रमैत्रिणींनो, सिस्टर भगिनींनो आणि आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांनो,

दिवस भरण्याआधी जन्मलेलं किलो-सव्वा किलोचं बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) दाखल झालं, की बहुतेक ठिकाणी पहिल्याच दिवशी केसपेपरवर दोन अँटिबायोटिकं चढतात. तिसऱ्या दिवशी दूध पचत नाही म्हणून त्यातलं एक बदलतं. पाचव्या दिवशी रक्ततपासणीत सीआरपी वाढला म्हणून ‘मेरो’, म्हणजे मेरोपेनेम, येतं. नवव्या दिवशी कोलिस्टिन. बाहेर बाकावर बसलेल्या बापाला सांगितलं जातं, “इन्फेक्शन आहे, हायर अँटिबायोटिक सुरू केलंय.” ब्लड कल्चरचा, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये उगवून पाहण्याच्या तपासणीचा, रकाना मात्र पुष्कळदा कोराच. जंतू कोणता, तो कोणत्या औषधाला दाद देतो, याचा पत्ता नाही. आमचं भांडण त्या कोऱ्या रकान्याशी आहे.

आम्ही औषधाच्या विरोधात नाही

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990च्या दशकात 39 गावांमधल्या बायकांना नवजात बाळ तपासायला शिकवलं. जंतुदोषाची लक्षणं दिसली तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडाने को-ट्रायमोक्साझोल द्यायलाही शिकवलं. जंतुदोष झालेल्या बाळांमधलं मृत्यूचं प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आलं. 1999 साली हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. वेळेवर टोचलेली सुई जीव वाचवते, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे.

कमी दिवसांच्या बाळाच्या रक्तात जंतू शिरला, म्हणजेच सेप्सिस झालं, तर काही तासांत सगळं संपू शकतं. म्हणून दाट शंका आली की तासाभरात औषध सुरू व्हायलाच हवं. त्याबद्दल वादच नाही. पण औषध देण्याआधी रक्त घेतलं का? आणि रक्तात काही नाही असं कळल्यावर औषध थांबवलं का? वाद या दोन प्रश्नांचा आहे.

जंतू आता जुना राहिलेला नाही

दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांमध्ये 2011 ते 2014 या काळात दाखल झालेल्या 13,530 नवजात बाळांचा अभ्यास झाला. 2016 साली त्याचे निष्कर्ष आले. जवळजवळ एक चतुर्थांश मृत्यूंचं कारण सेप्सिस होतं. रक्तात सापडलेल्या जंतूंपैकी अनेक गटांतल्या औषधांना न जुमानणाऱ्यांचं प्रमाण अ‍ॅसिनेटोबॅक्टरमध्ये 82 टक्के, क्लेबसिएलामध्ये 54 टक्के आणि ई. कोलायमध्ये 38 टक्के होतं.

याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. सेप्सिसच्या दर तीन घटनांपैकी दोन जन्मानंतरच्या पहिल्या 72 तासांत घडल्या होत्या, आणि त्यांतले जंतू उशिरा होणाऱ्या सेप्सिससारखेच रुग्णालयी जातीचे होते. अ‍ॅसिनेटोबॅक्टर काही घरच्या चुलीपाशी राहत नाही. तो प्रसूतीच्या टेबलावर, सक्शनच्या नळीत, वॉर्डातल्या सिंकमध्ये, अनेक बाळांसाठी एकच वापरलेल्या सलाईनच्या बाटलीत आणि न धुतलेल्या हातांवर राहतो. म्हणजे बाळाला जंतू आपण देतो, आणि त्या जंतूला औषध पचवायलाही आपणच शिकवतो.

“देऊन ठेवू, बिघडतं काय?”

बिघडतं. अमेरिकेतल्या 19 केंद्रांमध्ये एक किलोहून कमी वजनाच्या बाळांचा अभ्यास झाला आणि 2009 साली तो प्रसिद्ध झाला. सुरुवातीचं कल्चर निगेटिव्ह असूनही ज्यांना पाच किंवा अधिक दिवस अँटिबायोटिकं चालू ठेवली गेली, त्यांच्यात आतडं सडण्याचा आजार किंवा मृत्यू यांचं प्रमाण जास्त आढळलं. औषधाचा एकेक दिवस वाढला तसा धोकाही वाढत गेला. यात आश्चर्य नाही. नवजात बाळाच्या आतड्यात आईच्या दुधासोबत चांगले जंतू वस्तीला येत असतात. अँटिबायोटिक त्यांना मारतं, आणि मोकळ्या झालेल्या जागेत वॉर्डातला क्लेबसिएला आणि कॅन्डिडा बुरशी येऊन बसतात. सेफोटॅक्झिमसारखी औषधं सढळ हाताने वापरली, तर बुरशीचा संसर्ग वाढतो. जेंटामायसिनची मात्रा किंवा दोन डोसांमधलं अंतर चुकलं, तर मूत्रपिंडाला आणि कानांना इजा होऊ शकते.

“सेफ साइडला राहू” म्हणून औषध लांबवलं जातं. ती बाजू कुणासाठी सुरक्षित? विमा डॉक्टरचा उतरतो आणि हप्ता बाळ भरतं.

ठरलेल्या सबबी, आमची उत्तरं

“कल्चर करून काही उगवत नाही.” उगवणार कसं? एक किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून 80-90 मिलिलिटर रक्त असतं. त्यातलं निदान एक मिलिलिटर घ्यावं लागतं. त्वचा जंतुनाशकाने पुसायची, ती वाळेपर्यंत थांबायचं, नवी सुई लावून ताज्या शिरेतून रक्त घ्यायचं, बाटलीत सोडायचं, आणि त्यानंतरच औषधाचा पहिला डोस. प्रत्यक्षात चार थेंब रक्त घेतलं जातं, तेही दोन डोस झाल्यावर, आणि बाटली सकाळी लॅब उघडेपर्यंत टेबलावर पडून राहते. नीट घेतलेलं कल्चर ऑटोमेटेड यंत्रात लावलं, तर खरा जंतू बहुतेक वेळा 24 ते 36 तासांत उगवतो. 48 तासांत काही उगवलं नाही आणि बाळ बरं आहे, तर औषध बंद करायला भीती कसली? नुसता सीआरपी वाढला म्हणजे सेप्सिस झालं असं नाही. अवघड बाळंतपणानंतरही तो वाढतो.

“आमच्याकडे जुनी औषधं चालतच नाहीत.” यात तथ्य आहे, हे आम्ही मान्य करतो. जागतिक आरोग्य संघटना अँपिसिलिन आणि जेंटामायसिनने सुरुवात करायला सांगते, पण आपल्या काही वॉर्डांमधले जंतू त्या जोडीला दाद देत नाहीत. पण आपल्या वॉर्डात कोणता जंतू कोणत्या औषधाला मरतो, याचा तक्ता किती युनिटांनी भिंतीवर लावला आहे? तो तक्ता कल्चरमधूनच तयार होतो. तो नसताना मेरोपेनेमने सुरुवात करणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, आणि उद्याच्या बाळासाठी मेरोपेनेमही निकामी करणं. त्यानंतर उरतं कोलिस्टिन. त्यानंतर फारसं काही उरत नाही.

“बाळ दगावलं तर नातेवाईक तोडफोड करतील.” ही भीती खरी आहे आणि मारहाणीचं समर्थन कुणीही करू नये. पण महागडं इंजेक्शन डॉक्टरला वाचवत नाही. वेळेवर घेतलेलं कल्चर, त्याचा रिपोर्ट आणि आईबापांशी रोज झालेलं स्पष्ट बोलणं, हेच डॉक्टरचं खरं संरक्षण आहे.

सर्वांत चांगलं अँटिबायोटिक म्हणजे ज्याची गरजच पडली नाही ते

मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली. आईच्या उबेवर 2021 साली प्रसिद्ध झालेल्या पाच देशांच्या अभ्यासात दिल्लीचं एक रुग्णालयही होतं. 1 ते 1.8 किलो वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवलं, तेव्हा पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू एक चतुर्थांशाने कमी झाले. सेप्सिसची शंका येण्याचं प्रमाणही घटलं. आईचं दूध, आईची ऊब आणि धुतलेले हात यांना कोणताही जंतू सरावत नाही. आणि आपण काय करतो? “इन्फेक्शन होईल” म्हणून आईलाच दाराबाहेर ठेवतो. एका सिस्टरवर सात-आठ बाळं सोपवतो आणि तिने दर वेळी हात धुवावेत अशी पाटी लावतो.

आमच्या मागण्या

1. प्रत्येक एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा विशेष विभाग) आणि एनआयसीयूला, सरकारी असो वा खासगी, रात्री-अपरात्री, सुट्टीच्या दिवशीही ब्लड कल्चरची सोय हवी. जिल्ह्याच्या ठिकाणी ऑटोमेटेड यंत्र आणि मायक्रोबायॉलॉजिस्ट हवा.

2. कल्चर घेतल्याशिवाय पहिला डोस नको. रक्त घेणं शक्य झालं नाही, तर त्याचं कारण केसपेपरवर लिहा.

3. 48 तासांनी प्रत्येक बाळाचं औषध नव्याने तपासा. चालू का ठेवलं किंवा बंद का केलं, त्याखाली वरिष्ठ डॉक्टरची सही हवी.

4. मेरोपेनेम आणि कोलिस्टिन एका माणसाच्या निर्णयावर सुरू होऊ नये.

5. प्रत्येक युनिटने आपल्या जंतूंचा तक्ता दर सहा महिन्यांनी जाहीर करावा.

6. प्रत्येक पाळीत तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी. रिक्त जागा भरा!

7. आईला 24 तास आत प्रवेश द्या.

आईबापांनो, हे पत्रक हातात घेऊन बाळाचं औषध बंद करायला लावू नका, डॉक्टरांशी भांडू नका. रोज फक्त तीन प्रश्न विचारा: “कल्चर पाठवलं का? रिपोर्ट काय आला? हे औषध कधी थांबवणार?” डॉक्टरांनो, या प्रश्नांचा राग मानू नका. ज्याच्याकडे रिपोर्ट आहे त्याला उत्तर द्यायला एक मिनिट पुरतं. आणि ज्याच्याकडे रिपोर्ट नाही, त्याने आईबापांवर चिडण्याऐवजी आमच्याबरोबर यंत्र, माणसं आणि लॅब मागायला यावं.

हे पत्रक वाचा, एनआयसीयूच्या दारावर लावा, ग्रामसभेत वाचून दाखवा, आमदारांच्या हातात द्या.

— कमी दिवसांच्या बाळांचे पालक आणि त्यांची देखभाल करणारे डॉक्टर व परिचारिका यांच्या वतीने प्रसिद्ध