दीड महिना संपल्यावर

बाळंतिणीचें पथ्य आपल्या मराठवाड्यांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस कोणी शिकवावें लागत नाहीं. नांदेडास काय किंवा लातुरास काय, दिवस भरत आले कीं घरांत डिंक, खारीक, सुंठ, हळीव, बाळंतशोपा यांचे डबे भरूं लागतात. लेक माहेरीं येते, शेक-शेगडी होते, न्हाऊ-माखूं घालणारी बाई ठरते. सवा महिना तिला कोणी पाण्याचा तांब्याही उचलूं देत नाहीं. हें सर्व उत्तमच आहे, व त्याची थट्टा करणाऱ्या नवशिक्षितांच्या पंक्तींत बसण्याची माझी इच्छा नाहीं. मला विचारावयाचें आहे तें इतकेंच कीं, पुढें काय?

सुश्रुताचार्यांनीं शारीरस्थानाच्या दहाव्या अध्यायांत सूतिकेचा नियमित आहारविहार दीड महिन्याचा सांगितला आहे. पुनः ऋतुदर्शन होईपर्यंत तिला सूतिकाच समजावें, असें कित्येकांचें मत असल्याचेंही तेथेंच नमूद आहे. त्याच अध्यायांत आणखी एक गोष्ट आहे, तिकडे आमच्या घरांचें लक्ष सहसा जात नाहीं. क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव यांनीं मातेचें दूध आटतें असें सांगून आचार्य तें वाढविण्याचे उपाय देतात. यव, गहूं, साळीचा भात, लसूण, मांसरस अशी ती मोठी यादी आहे (सोंवळ्यांतील मंडळींनीं दचकूं नये). परंतु या सर्व पदार्थांच्या अगोदर, मातेच्या ठायीं सौमनस्य उत्पन्न करावें, असें म्हटलें आहे. आपण यादी घेतली, तिचा आरंभ मात्र सोडून दिला.

नव्या शास्त्राची साक्ष शेजारच्या गोव्याची आहे. म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयांत डॉ. विक्रम पटेल व त्यांचे सहकारी यांनीं २७० गर्भवतींची नोंद करून, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनीं त्यांची पुनः चौकशी केली. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाप्रमाणें सुमारें २३ टक्के मातांस खिन्नतेचा विकार होता, आणि त्यांतील बहुतेकींचें मन गर्भारपणापासूनच बिघडलेलें होतें. दारिद्र्य, पतीशीं बेबनाव, आणि मुलगा हवा असतां मुलगी होणें, हीं कारणें ठळकपणें पुढें आलीं. पुढच्या वर्षींच्या निबंधांत अशा मातांचीं बाळें सहा महिन्यांचीं होतांना वजनांत मागें पडल्याचें दिसलें.

आतां कालगणना जुळवून पहा. सहा आठवडे म्हणजे दीड महिनाच. आशा कार्यकर्तीच्या नवजात बालकासाठीं ठरलेल्या भेटीही ४२व्या दिवशीं संपतात. म्हणजे शेगडी विझते, आशाताईंचें नित्याचें येणें थांबतें, लेक सासरीं पोंचविली जाते, आणि त्याच सुमारास गोव्याच्या डॉक्टरांस चारांतील जवळजवळ एक माता खिन्न सांपडली!

सासरीं तिचें ताट शेवटचें. पुरुषांची पंगत उठावी, मुलें जेवावीं, सासूबाईंचें व्हावें, आणि मग रात्रीं चारदां उठलेल्या सुनेनें भांड्यांत उरलेलें खावें. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या प्रमाणानुसार अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिले सहा महिने नेहमींपेक्षां ६०० व पुढील सहा महिने ५२० उष्मांक अधिक हवेत. ६०० उष्मांक म्हणजे साधारण दोन ज्वारीच्या भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि पेलाभर म्हशीचें दूध. लातूरच्या आडतींत तुरीचे ढीग लागावे, आणि त्याच गांवांतील सुनेच्या ताटांत वरणाचें नुसतें पाणी असावें, याला काय म्हणावें? महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी असल्याचें २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणींत आढळलें. प्रसूतीनंतर १८० दिवस रोज लोहाची गोळी घेण्याचा नियम त्यासाठींच आहे. ती चहाबरोबर मात्र घेऊं नये. रक्त कमी असलें म्हणजे थकवा येतो, आणि थकव्याला घरांत आळस हें नांव पडतें.

पहिल्या आठवड्यांत उगाच रडूं येणें पुष्कळ जणींस होतें व दोन आठवड्यांत तें ओसरतें. त्यापुढेंही जेवण नकोसें वाटणें, बाळ झोंपलें असतां स्वतःस झोंप न लागणें, मी वाईट आई आहें असें वारंवार मनांत येणें, हें चालूं राहिलें तर तो रोग समजावा. दृष्ट काढावयाची तर काढा, पण डॉक्टरांस दाखवा. अंगावर पाजतांनाही चालणारीं औषधें आहेत, तीं त्यांनींच निवडावींत. जीव द्यावासा वाटतो असें ती बोलली, किंवा भलतेंसलतें ऐकूं येऊं लागलें, तर दिवस उजाडण्याची वाट पाहूं नये. नांदेडास डॉ. शंकरराव चव्हाण व लातुरास विलासराव देशमुख यांच्या नांवाचीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून सरकारी मानसिक आरोग्यसेवा विनामूल्य मिळते. मात्र सून स्वतः फोन करील अशी अपेक्षा करूं नये. सासऱ्यांनीं लावून तिच्या हातीं द्यावा.

औषधाइतकीच झोंपेची सोय करावी. उदगीरच्या एका परिचित घरीं आजोबांनीं रात्रीं दहा ते दोन नात सांभाळण्याचें काम आपल्याकडे घेतलें. दूध पाजून सून माडीवर निजे. फार रडें झालें तरच तिला हांक जाई. आजोबांस लंगोट बदलतां येत नसे. तें ते पंधरा दिवसांत शिकले.