सापाच्या अंगावरचा हिशेब

साप दिसला की आपला हात आधी काठीकडे जातो. त्यात नवल नाही. पावसाळ्यात बांधावर, गवतात, वैरणीच्या गंजीत साप निघतो आणि घरात लेकरेबाळे असतात. पण याच सापाकडून आपल्या पाण्याची तपासणी करून घेता येते, असे कुणी सांगितले तर? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ही गोष्ट करून दाखविली आहे. तिच्यात शेतकरी कुटुंबाने ध्यानात घ्यावे असे बरेच आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ नावाचे मोठे शहर आहे. शहर वाढले तशा तिथल्या बहुतेक पाणथळ जागा भरून काढल्या गेल्या. जी तळी उरली त्यांत रस्त्यांवरून आणि वस्त्यांतून पावसाचे पाणी वाहून येते. या तळ्यांच्या काठी ‘टायगर स्नेक’ हा विषारी साप राहतो. अंगावर वाघासारखे पट्टे असतात म्हणून हे नाव. बेडूक हे त्याचे मुख्य खाणे.

कर्टिन विद्यापीठातील संशोधकांनी २०२० च्या सुमारास चार ठिकाणचे साप तपासले. हर्ड्समन, बिब्रा आणि जूनडालप ही शहरातली तळी, तर चौथे ठिकाण शहरापासून दूर यांचेपच्या राष्ट्रीय उद्यानातले. हर्ड्समनच्या काठी एके काळी भाजीपाल्याचे मळे होते. पुढे वस्ती आणि कारखाने आले. तिथल्या सापांच्या यकृतात मॉलिब्डेनम नावाच्या धातूचे प्रमाण फार मोठे निघाले.

आता कुणी म्हणेल, पाणीच बाटलीत भरून तपासावे, सापाच्या वाटेला कशाला जावे? बाटलीतले पाणी त्या दिवसापुरते बोलते. गेल्या महिन्यात काय वाहून आले, ते त्यात सापडेलच असे नाही. साप मात्र वर्षानुवर्षे त्याच काठाला राहतो. चिखलातला विषारी अंश किड्यात जातो, किडा बेडूक खातो, बेडूक साप खातो. त्यामुळे तळ्यात पडलेल्या गोष्टींची नोंद सापाच्या शरीरात साठत जाते.

बरे, त्यासाठी साप मारलाच पाहिजे असेही नाही. खवल्याचा बारीकसा तुकडा कापून घ्यायचा आणि साप सोडून द्यायचा. त्या तुकड्यावरून काही धातूंचा अंदाज येतो, असे या संशोधकांना आढळले.

याच शहरात २०२० साली आणखी एक तपासणी प्रसिद्ध झाली. ती तर थेट आपल्या घरापर्यंत येते. रक्त गोठू न देणारी उंदरांची औषधे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या यकृतात उतरतात का, हे त्यात पाहिले होते. उंदीर खाणाऱ्या ‘ड्युगाइट’ सापांपैकी ९१ टक्क्यांत हे औषध सापडले. ‘बॉबटेल’ नावाच्या जाड, संथ सरड्यांपैकी ६० टक्क्यांत, आणि मुख्यतः बेडकांवर जगणाऱ्या टायगर स्नेकपैकी ४५ टक्क्यांत. बॉबटेल काही उंदरांची शिकार करून पोट भरत नाही; तो गोगलगायी, किडे, पाला, फळे खातो. तरी त्याच्यापर्यंत औषध पोचले. उंदरासाठी ठेवलेले विष उंदरापाशी थांबत नाही, हेच यातून दिसते.

आपल्याकडे मिळणारे ब्रोमॅडिओलोन याच जातीचे औषध. ते खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. काही दिवस तो मलूल होऊन फिरतो. असा उंदीर धामणीला, घुबडाला सहज सापडतो. धामण बिनविषारी, आणि बिळात शिरून उंदीर धरणारी. मांजराला जिथे जाता येत नाही तिथे ती जाते. वर्षभर फुकट राखण करणारी ही गडीण आपण एकीकडे काठीने मारतो, दुसरीकडे औषधाने. मग उंदरांना रान मोकळे मिळते आणि आपण आणखी औषध आणतो. हा व्यवहार शेतकऱ्याला परवडणारा नाही.

म्हणून काही गोष्टी घरात ठरवून घ्याव्यात. कणगीभोवती व घराजवळ आधी पिंजरे आणि सापळे वापरावेत. धान्य पत्र्याच्या कोठीत ठेवावे, भिंतींतली बिळे बुजवावीत. औषध वापरावेच लागले तर सांगितले तेवढेच वापरावे, उघड्यावर पसरू नये, आणि काम झाल्यावर उरलेले आमिष उचलून घ्यावे. मेलेले उंदीर रोज सकाळी फिरून गोळा करावेत व खोल पुरावेत. उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नयेत. उंदराला वा आमिषाला उघड्या हाताने शिवू नये. फवारणीचा पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नये. दिवड त्याच पाण्यात बेडूक आणि मासे धरते, आणि आपली गुरेही तेच पाणी पितात.

याचा अर्थ साप हाताळावा असा मुळीच नाही. घरात साप निघाला तर जाणत्या सर्पमित्राला बोलवावे. सापांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. आणि कुणाला दंश झालाच तर मांत्रिकाकडे वेळ न घालवता सरळ सरकारी दवाखाना गाठावा.

पर्थच्या लोकांपाशी प्रयोगशाळा आहे. आपल्यापाशी रोजची नजर आहे. ओढ्याला पूर्वी दिवड दिसायची, ती आता दिसते का? पहिल्या पावसाला बेडूक पूर्वीसारखे ओरडतात का? बांधावर धामण अखेरची कधी पाहिली? हे प्रश्न घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून पाहावेत. उत्तर ‘नाही’ असे आले, तर पाण्याचा नमुना तपासणीला पाठवावा आणि आपण शिवारात काय काय ओतले याची उजळणी करावी. दिवड पिते ते पाणी आपल्या घागरीपासून फार दूर नसते.