कॅमेरा आणि हातखंब्याचा उतार

स्पीड कॅमेरा म्हणजे निव्वळ वसुली, ही तक्रार अर्धीच खरी. २०२१ साली आलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियम १६७-अ प्रमाणे कॅमेऱ्याआधी ठळक फलक हवा, चलनाची सूचनाही १५ दिवसांत निघायला हवी. फलकच नसेल तर चालकाची कुरकुर रास्त. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ चा दंड (मोटारीला १,००० ते २,००० रुपये) वेगासाठी आहे. ताशी ८० किलोमीटरने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या उतारावर, पावसात, पुढे टँकर असताना तेवढ्यात ब्रेकवर पायही पोचत नाही. कॅमेरा दिसला की करकचून ब्रेक आणि वळणापलीकडे पुन्हा ओव्हरटेक, ही खोड एका जागचा कॅमेरा टिपत नाही. त्यासाठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारखा दोन ठिकाणांमधला सरासरी वेग मोजावा लागतो.