जीर्णोद्धार कीं रंगकाम?

वाईच्या ढोल्या गणपतीच्या देवळाची मागील भिंत आमच्या जीर्णोद्धारक मंडळींनीं एकदां तरी नीट पाहावी. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं हें देऊळ बांधविलें, तेव्हां कृष्णेच्या पुराचा लोंढा दुभंगून जावा म्हणून ही भिंत मत्स्याकार केली. हें योजणाऱ्या गवंड्यास आमच्यासारखी पदवी नव्हती. नदी कशी येते हें मात्र त्यास पक्कें ठाऊक होतें.

आतां जुन्या वास्तूच्या डागडुजीचें नांव निघतांच सिमेंटचीं पोतीं आणि तैलरंगाचे डबे पुढें सरसावतात! चुन्याच्या सांध्यांतून भिंतींतील ओल बाहेर पडते. सिमेंट ती कोंडून धरतें, आणि मग शेजारच्या विटेचा भुगा होऊं लागतो. चुना झिजला तर पुन्हां भरतां येतो. वीट गेली कीं भिंतच गेली.

"वाडा मालकाचा, तुम्ही उपदेश कां करावा?" असा आक्षेप येतो, व तो अगदींच पोकळ नाहीं. वारस अनेक, भाडें कवडीमोल, छप्पर गळकें. अशा मालकास नुसतें 'पाडूं नका' म्हणणाऱ्यांचें इतिहासप्रेम फारच स्वस्त आहे. देवळाच्या रंगासाठीं वर्गणी जमविणाऱ्या उत्साही मंडळींनीं तीच झोळी वाड्यांच्या कौलांसाठीं फिरवावी. मेणवलीचा नाना फडणविसांचा वाडा २००४ च्या 'स्वदेस' चित्रपटवाल्यांस सांपडला. पण पेठेंतल्या वाड्यांकडे कॅमेरा वळेपर्यंत त्यांचीं आढीं तग धरतील काय? आणि चुना मळूं जाणणारे गवंडी अजून कोठें आहेत, याची साधी यादी तरी कोणी केली आहे काय?