चूक तारखांची नव्हे

'स्टार ट्रेक: एंटरप्राइझ' (2001-2005) या पूर्वकथेवर चाहत्यांची नेहमीची तक्रार: फेरेंगी आणि बोर्ग ठरल्या काळाच्या दोनशे वर्षं आधीच कसे भेटले? मंडळी, तारखा चुकल्या तर चुकल्या. मला चीड येते ती 2002 मधल्या 'डिअर डॉक्टर' या भागाची. अख्खा वॅलाकियन समाज आनुवंशिक आजाराने मरतोय, डॉ. फ्लॉक्सकडे इलाज आहे, पण कॅप्टन आर्चर तो देत नाही. त्रास कमी करणारं औषध तेवढं देतो. कारण? त्याच ग्रहावरचे मेंक उत्क्रांत होताहेत, निसर्गाच्या आड यायचं नाही! अहो, उत्क्रांतीला ना दिशा असते, ना हेतू. कोणी मरावं हे ती ठरवत नाही. 'ज्याचं त्याचं प्राक्तन' म्हणणारे आपल्याकडे काय कमी होते, की आता तेच अंतराळयानातून, विज्ञानाच्या नावाने ऐकायचं?